दाराशेजारची खुंटी

चौऱ्याण्णव साली कॉलेजची पोरं इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी साजिंद्यांच्या वसाहतीत गेली ना, तेव्हा ईशानी सगळ्यांच्या पुढे. घराघरांतून तबला वाजतोय, सारंगी लागतेय आणि हिची वही भराभर भरतेय! म्हाताऱ्या बशारत मियाँनी सगळ्यांना खाटेवर बसवलं, मोहल्ल्याच्या जुन्या गोष्टी सांगितल्या. मग त्यांच्या सुनेने पाण्याचे गिलास आणले.

बाकीचे घटाघटा प्यायले. ईशानी पटकन म्हणाली, "चचा, आज मेरा व्रत है."

व्रतबित काही नव्हतं. निघताना आईने पाण्याची बाटली खांद्याला अडकवून बजावलं होतं, "तिथलं पाणी पिऊ नकोस हं."

"व्रत?" शेजारी बसलेली मैत्रीण सुरुची खुसखुसली. "सकाळी तर माझ्याबरोबर दोन कचोऱ्या हाणल्यास."

ईशानीने मान खाली घातली. मियाँनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "कहाँ की हो, बिटिया?"

"रामघाट की. गोपीनाथशास्त्री की पोती."

मियाँचा चेहरा एकदम खुलला. "अरे! शास्त्रीजी तो बारह बरस यहाँ गाना सीखने आए, हमारे अब्बा से. रोज़ शाम को. अपना लोटा साथ लाते थे."

घरात हे कुणी कधी बोललंच नव्हतं. ईशानीचं पेन थांबलं. तिने हळूच बाटली ओढणीखाली सरकवली.

मियाँनी दाराशेजारच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "वो खूँटी अब्बा ने उसी लोटे के लिए ठोकी थी. बोतल भारी होगी, बिटिया. टाँग दो."