पोह्यांची परीक्षा

समांतर जगातून आपल्याच चेहऱ्यांचे हल्लेखोर आल्यावर आमच्या सुपरहिरो टीमसाठी नियम मीच काढला: परतणाऱ्याला काचेमागे बसवायचं, पोहे द्यायचे, आवाज बंद ठेवायचा, कारण तोतये गोड बोलतात. अस्सल इंदुरी पोह्यांना नाही म्हणत नाही. आज आमचा धनेश तिकडे लढून परतला. त्याने प्लेट दूर सारली, हसत हात जोडले, ओठ हलवले आणि आभाळाकडे बोट दाखवलं. मला हल्ल्याची धमकी वाटली. मी त्याला त्या जगात ढकलून दार लावलं. माझ्या तळहातांनी लावलेलं दार पुन्हा उघडत नाही. तीच माझी शक्ती. दुपारी त्याची बायको यामिनी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन आली. "भिया, यांना देऊन द्या. आज संकष्टी, पोहे नाही खाणार. चांद निघाल्यावरच उपास सोडतात. तोवर येतील ना घरी?" मी डबा तळहातांत घेतला.