उजवीकडची खुर्ची

पहिली लाथ दादाच्या बरगडीत बसली आणि तो मेकअपच्या टेबलासकट भिंतीवर जाऊन आदळला. आरशाचा चक्काचूर झाला. पावडरचा डबा फुटला आणि खोलीभर पांढरा धुरळा उडाला. कोपऱ्यात वहिनी केस सावरत उभी होती. सावरत कसली, उपटून निघालेला पुंजका हातात धरून उभी होती.

"वन्सं, नका हो! तुमच्या हातांना काही झालं तर हे मला जिवंत सोडायचे नाहीत."

"हातांना काय होतंय? पाय आहेत की मला."

खरंच होतं ते. पियानो वाजवणारी बाई कराटे खेळते म्हटल्यावर लोक तोंडात बोटं घालायचे, पण क्लासमधल्या पोरी तिला 'घोडी' म्हणून चिडवायच्या. ही फक्त लाथा झाडणार! ठोसा तिने आयुष्यात कधी मारला नव्हता. तरी पहिल्या दिवशीचा धडा सगळ्यांबरोबर तिनेही घोकला होता: मूठ वळताना अंगठा बाहेर. आत राहिला तर पहिल्याच ठोशाला मोडणार.

त्या हातांवर मैफली चालायच्या, आणि त्याच हातांत अंगठ्या घालून ती मोठमोठ्या जाहिरातींत झळकायची. दोन्हींचे करार दादा करायचा. घरात तिला सुरी धरू द्यायचा नाही, गाडीचं दारही स्वतः उघडायचा. बघणाऱ्याला वाटावं, भाऊ असावा तर असा. आणि हाच भाऊ बायकोला पट्ट्याने मारायचा.

ते तिला कळलं मागच्या मैफलीत, ऐन स्टेजवर. वहिनी शेजारी बसून तिची स्वरलिपीची पानं उलटायची. दोघी एकेकाळी एकाच बाईंकडे शिकलेल्या. पान उलटायला वहिनीने हात पुढे केला, बाही मागे सरकली, आणि दिव्यांच्या धगीने दंडावरचा रंग ओघळून खालचे काळेनिळे वळ उघडे पडले. तो रंग तिने लगेच ओळखला. कराट्यात लागलेलं फोटोत दिसू नये म्हणून ती स्वतः तोच लावायची. "कसं झाकता हो?" वहिनीने एकदा विचारलं होतं, आणि या बाईसाहेबांनी हसत हसत, अगदी हौसेने शिकवलं होतं! त्या मैफलीपासून तिला स्वतःच्या त्या हसण्याची किळस येत होती.

आजही दादाचं डोकं सकाळपासून फिरलेलंच होतं. सरावाच्या वेळी तिने वहिनीची खुर्ची पियानोच्या उजवीकडे हलवून घेतली, त्यावरून त्याने आधी थयथयाट केला. पानं उलटणारी नेहमी डावीकडे बसते. उजवीकडे प्रेक्षक असतात, त्यांना वाजवणारे हात दिसायला नकोत का? "दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतोय, आज राहू दे तिथेच," ती म्हणाली आणि विषय संपला. तो राग मैफलीच्या तोंडावर वहिनीवर निघाला. पाण्याचा ग्लास आणायला जरा उशीर झाला, एवढंच निमित्त.

दादा भिंतीला धरून उठला. त्याने कमरेचा पट्टा ओढून काढला आणि गरागरा फिरवला. बक्कल तिच्या भुवईवर बसलं. डोळ्यांत रक्त उतरलं. ती तशीच आत घुसली, कोपर त्याच्या छातीत हाणलं, गुडघा पोटात घातला. दादा गुडघ्यांवर आला. वाकून ओकला. मग तोंड पुसून चक्क हसायला लागला.

"मार. हौस फिटेपर्यंत लाथा मार. उद्या पियानोवर मी सांगेन तिथेच बसणार आहेस ना? हे हात आहेत तोवर तू माझी कमाई आहेस आणि ती माझी बायको. जाल कुठे दोघी?"

तिने उजवी मूठ वळली. दादाचं हसू एकदम मावळलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता, मुठीकडे बघत होता.

"अगं, अंगठा! अंगठा बाहेर काढ!" तो किंचाळला.

ठोसा जबड्यावर बसला. कडकन दोन आवाज झाले, एक त्याच्या तोंडातून आणि एक तिच्या मुठीतून. दादा आडवा झाला, पण दात थुंकायच्याही आधी रांगत तिच्याकडे आला आणि तिचा हात धरायला बघू लागला. "हात गेला गं, हात गेला," म्हणत तो लहान पोरासारखा रडत होता. तिने त्याला पायाने बाजूला सारलं.

वहिनीला वाटलं, रागाच्या भरात वन्संचं भान सुटलं. "माझ्यापायी काय करून बसलात हो हे!" ती ओंजळीत तो हात घेऊन हुंदके देऊ लागली.

"चला. आधी स्टेजवर जायचं. घरी जायचं नाही. मागच्या दाराशी आमचे कराटेचे सर गाडी घेऊन थांबलेत, ते तुम्हाला माहेरी सोडतील."

"अहो, पण अशा हाताने वाजवणार काय?"

तिने डोळ्यावरचं रक्त पुसलं. भुवईवर रंगाचा जाड थर दिला, बाहेरून खोलीला कडी घातली आणि चालू लागली.

टाळ्या थांबल्या. ती बसली, सुजलेला उजवा हात मांडीवर ठेवला. वहिनी सवयीने डावीकडे निघाली, थबकली आणि उजवीकडच्या खुर्चीवर येऊन टेकली. समोर ठरलेली रचना नव्हतीच. दुसरीच होती, एकट्या डाव्या हातासाठी लिहिलेली. डावा हात खालच्या सुरांपासून वरपर्यंत धावू लागला आणि सभागृह श्वास रोखून ऐकू लागलं. मांडीवरचा हात कुणालाच दिसत नव्हता. मध्ये वहिनी होती.

वहिनीने मान वर करून दिव्यांकडे पाहिलं. उजेड कुणाच्याच डोळ्यांवर येत नव्हता. सकाळी ही खुर्ची हलवली तेव्हा वन्संचा अंगठा धड होता.