पुढे कोण?

सकाळी सायकलवर फिरायला निघताना नवऱ्यानं पुढे आणि बायकोनं मागेच राहावं, हा शरच्चंद्रांचा हट्ट. निघण्याआधी ते हवा बघत, टायर फिरवून अडकलेले काटे उपटत, चेनला तेल देत. तरी गोहलपुरातल्या वर्कशॉपांच्या गल्लीत सायकल पंक्चर व्हायची ती त्यांचीच. त्यांची बायको वसुधा टायरकडे ढुंकूनही बघत नसे, पण तिची सायकल कधी पंक्चर झाली नाही.

आज पुन्हा टायरमधून खिळा उपसताना ते चिडले, "हसून काय राहिली? तुझी काहून होत नाही पंक्चर?"

"मी तुमच्या चाकाच्या अगदी मागून चालवते ना. रस्त्यातले सगळे खिळे तुम्हीच वेचता, जी."

दुसऱ्या दिवशी शरच्चंद्र फाटक उघडून बाजूला उभे राहिले आणि मोठ्या अदबीनं म्हणाले, "लेडीज फर्स्ट!"