हावरट वीझल

लाकडी पेटीचं झाकण उघडलं आणि ग्लेनिसने पटकन नाक दाबलं. आत सापळ्यात मान चिरडलेलं वीझल पडलं होतं. मुंगसाचं धाकटं भावंड म्हणावं एवढंसं, पण अंगभर अळ्या वळवळत होत्या. साउथलंडच्या त्या खोऱ्यातली रानपाखरं वाचवायला ती नुकतीच गावच्या सापळेवाल्यांत सामील झाली होती.

"नाक काय दाबतेस? हातमोजे आहेत ना, उचल!" तिला शिकवायला आलेला शेजारचा म्हातारा मर्व्हिन खेकसला. "आणि याची दया नको हं, पोरी. पोटाला एक पाखरू पुरतं, पण हा बेटा मारतो दहा. बाकीची तिथंच कुजतात. नुसती मारायची खुमखुमी! किळस येते मला असल्या हावरटांची."

ग्लेनिसने श्वास कोंडून ते लिबलिबीत मढं झुडपात भिरकावलं. आता तिलाही त्या जातीचीच शिसारी आली.

नव्या आमिषासाठी सशाचं मांस हवं होतं. मर्व्हिनच्या शेडमधला मोठा फ्रीजर तिने उघडला, तर वरपर्यंत रानबदकं कोंबलेली. पिसांसकट, बर्फाने पांढरी पडलेली.

"मर्व्हिन, एवढी बदकं?"



"गेल्या वर्षीची गं ती, टाकून दे सगळी. आमच्याकडे बदक आवडतं कुणाला? पण शनिवारी बदकांच्या शिकारीचा मोसम सुरू होतोय, नव्यांना जागा नको का!"