नाटक ओळखणारा पट्टा

“माणूस पडला की हा पट्टा वाजणार म्हणजे वाजणारच. मी स्वतः तपासलाय,” चाळणी म्हणाली.

साहेबांनी मनगटावर पट्टा चढवला आणि पाहुण्यांसमोर स्वतःला धाडकन गादीवर झोकून दिलं. पट्टा गप्प. पाहुण्यांनी भिडेखातर टाळ्या वाजवल्या. साहेबांनी उठून त्यातल्या सगळ्यात मोठ्या पाहुण्याचा हात जोरजोरात हलवला, तेव्हा मात्र पट्टा कोकलला आणि साहेबांच्या घरी आपोआप फोन गेला: तुमचा माणूस पडला आहे.

“पडू दे,” बायको म्हणाली. स्पीकर चालू होता.

चाळणी हे तिचं ऑफिसातलं नाव. तिच्या तपासणीतून चूक निसटत नाही म्हणून ठेवलेलं. चाळणीतून बरंच काही निसटतं, हा विचार ठेवणाऱ्यांनी केला नव्हता.

पट्टा होता एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. बाजारात जायला दीड महिना उरला होता. चाळणीने भिंतीवर धोक्यांची यादी लावली. काय बिघडू शकतं, आणि बिघडलं तर कोणाचं किती वाटोळं होईल. ‘रंग फिका दिसतो’ हिरव्या चिठ्ठीवर, तळाला. ‘माणूस पडला, पट्टा गप्प’ लाल चिठ्ठीवर, सगळ्यात वर.

“वेळ थोडा आहे. तो लाल चिठ्ठीवरच घालवायचा,” तिने सगळ्यांना बजावलं.

पण ऑफिसातली पोरं पडायची ती गोलकीपरसारखी. म्हातारं माणूस हवं होतं. चाळणीला बाबा आठवले.

बाबा म्हणजे वजनमापं तपासणारे निवृत्त निरीक्षक. आई गेल्यापासून एकटेच राहत. दादाने त्यांच्यासाठी घरातली वरची खोली रंगवून ठेवली होती. बाबा एकदा जरी पडले, तरी बाडबिस्तरा दादाकडे, असं तिघांत ठरलं होतं.

“तुझ्या वहिनीच्या घरात घड्याळसुद्धा विचारून टिकटिक करतं,” बाबा म्हणायचे. दोन वर्षांत ते एकदाही पडले नव्हते.

चाळणीने त्यांच्याकडे पट्टा, वही आणि एक जाडजूड नवी गादी पोचवली.

“मुद्दाम पडून बघायचं, बाबा. पण गादीवरच हं. ठरलेली यादी नाही. एक प्रश्न डोक्यात घ्यायचा, चाळीस मिनिटं घरभर हिंडायचं, नवं काय करता येईल ते करायचं आणि जे होईल ते लिहायचं.”

“या वयात कोलांट्या? जा तिकडे.” बाबांनी पट्टा तेवढा बांधून घेतला. वही फ्रिजवर गेली.

आठवडाभराने भर मीटिंगमध्ये चाळणीचा फोन किंचाळला. तिने लगेच बाबांना फोन लावला. “बाबा! पडलात?”

पलीकडे बाबा खाकरले. “अगं, मुद्दाम. तूच सांगितलं होतंस ना? लिहून घे.”

त्यानंतर बाबांनी जो धडाका लावला, त्याला तोड नव्हती. वही भरू लागली. ‘स्थळ: न्हाणीघर. वेळ: सहा वीस. उजव्या कुशीवर. पट्टा: गप्प.’ ‘स्थळ: जिन्याची तिसरी पायरी. पट्टा: गप्प.’ ‘स्थळ: पलंगाशेजारी. पट्टा: वाजला, पण अकरा मिनिटांनी.’

“न्हाणीघरात गादी नेली कशी?” चाळणीने विचारलं.

“दुमडून.”

“आणि हे कोपर काळंनिळं?”

“गादीची कड लागली. बाकी गादी छान आहे हो. मऊ.”

“एकदा माझ्यासमोर पडून दाखवा ना. पुन्हा घडवून बघितल्याशिवाय दोष पक्का होत नाही.”

“सांगून धाड घातली की दुकानदार खरं वजन काढून ठेवतो,” बाबा म्हणाले. “तू घरी जा. मी एकटा असलो की बरोबर जमतं.”

महिन्याभरात सतरा पडणी झाली. बारा वेळा पट्टा गप्प. चाळणी वही घेऊन प्रोग्रामरकडे गेली. त्याने वही चाळली आणि हसला.

“ताई, पडायचं ठरवून पडलेला माणूस आधीच अंग सावरतो. पट्ट्याला ते कळतं. तुमचे बाबा नाटक करतात आणि आपला पट्टा नाटकाला फसत नाही. हा दोष नाही, ही हुशारी आहे!”

चाळणीने रात्रभर विचार केला. सकाळी लाल चिठ्ठी काढून हिरवी लावली. साहेबांना तर गहिवरून आलं. त्यांनी डब्यावर ठळक अक्षरांत छापून घेतलं: नाटक ओळखणारा पट्टा.

पहिले आठ हजार डबे रवाना झाले त्या दुपारी चाळणी पेढे घेऊन बाबांकडे गेली. स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. बाबा स्वयंपाकघरात फरशीवर बसले होते, कपाटाला पाठ टेकून. बाजूला कपाचे तुकडे. मनगटावरचा पट्टा गप्प.

“काय हे, बाबा! अजून चालूच? संपली तपासणी. डबे गेलेसुद्धा.”

“असं होय.” बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. “चाळीस मिनिटं झाली बघ. वेळेत आलीस.”

चाळणी हसली. “उठा आता.”

“बसतो जरा. थंड बरं वाटतं.”

“फरशीवर? थांबा, गादी आणते.”

“राहू दे ती गादी,” बाबा घाईने म्हणाले. “बाळ, इकडे ये. पेढा दे आधी.”

पण ती आतल्या खोलीत पोचली होती. गादी कपाटामागे उभी होती. दुकानातून आली तशीच, प्लास्टिकमध्ये, चारी कडांची चिकटपट्टी शाबूत.