उलटी वायर

गाडीतल्या छोट्या स्पीकरची, ट्विटरची, वायर उलटी जोडलेली होती. लाल काळीच्या जागी, काळी लालच्या. उस्तादांनी गाडीच्या दारात वाकून दोनदा पाहिलं आणि त्यांना मनातल्या मनात बरंच वाटलं. चोर शेवटी रंगेहाथ सापडला होता.

चोर म्हणजे जावई. येत्या सोमवारी गाड्यांत स्पीकर बसवायचं हे दुकान त्याच्या नावावर करायचं ठरलं होतं आणि गेला महिनाभर उस्तादांना त्याचाच संशय पोखरत होता. लेक आणि जावई कोपऱ्यात कुजबुजायचे, उस्ताद आले की गप्प. कपॅसिटरच्या खणांवर लेकीने ठळक अक्षरांत आकडे चिकटवले होते. चाळीस वर्षं त्याच खणांत हात घालणारा बाप जणू कालच कामाला लागला होता! आणि आता ही गाडी. नव्या भारी स्पीकरांसाठी उस्तादांनी काल स्वतः निवडून ठेवलेला कपॅसिटर, म्हणजे ट्विटरकडे जाणारा खर्ज अडवणारा पुर्जा, क्रॉसओव्हरवर नव्हताच. भलताच कुठला तरी होता, लहानसा. क्रॉसओव्हर म्हणजे आवाजाची वाटणी: खर्ज मोठ्या स्पीकरकडे, बारीक सूर ट्विटरकडे. त्या वाटणीतच गड्याने हात मारला होता.

"जावईबापू, हे काय दिवे लावलेत?" उस्ताद गिऱ्हाइकासमोरच कडाडले. "लाल-काळं कळत नाही आणि निघाले दुकान सांभाळायला!"

जावई खाली पडलेले वायरचे तुकडे गोळा करत राहिला. हा घुमेपणाच उस्तादांना सहन होत नसे. त्यांनी वायर सरळ केली आणि गाणं लावलं.

गिऱ्हाईक म्हणजे गाणं शिकवणाऱ्या बाई. पुढच्या सीटवर बसल्या बसल्या त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अहो, साथ ऐकू येतेय, पण गाणारी शेजारच्या खोलीत जाऊन बसलीय की!"

उस्तादांनी आवाज वाढवला. काही उपयोग झाला नाही. मग जावयाने गुडघ्यावर बसून वायर पुन्हा उलटी केली. गाणारी परत आली, अगदी समोर.

"मामा, या जोडणीत मधल्या सुरांवर दोन्ही स्पीकर एकमेकांना खोडतात," तो हळूच म्हणाला. "एक उलटा जोडला की जुळतात. आणि या ट्विटरला लहानच कपॅसिटर लागतो."

उस्तादांना ते पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त राग आला. इतकी बारीक खोच याला कुणी सांगितली? म्हणजे हा दुसऱ्या कुणाकडे जातो. आपल्या पाठीमागे.

"कुठल्या दुकानात शिकून आलात हे? नाव सांगा त्याचं. आत्ताच्या आत्ता!"

जावयाने दुकानाच्या दारात उभ्या लेकीकडे पाहिलं. लेक पुढे आली. तिने बापाच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला आणि तो हात तसाच धरून ठेवला.

"तुमच्याकडेच, बाबा. आज सकाळी कपॅसिटर तुम्ही बदललात, वायर तुम्हीच उलटी जोडलीत आणि का, ते आम्हाला समजावून सांगितलंत. कालही सांगितलं होतंत. परवाही."