शंभर अंगठ्यांचं कुलूप

कुलूपवाल्याने अंगठा टेकून उघडणाऱ्या नव्या कुलपाचे स्क्रू काढून सगळे भाग टेबलावर मांडले, तसा ते विकायला आलेल्या कंपनीच्या माणसाचा जीव खालीवर झाला.

"अहो, वॉरंटी जाईल!"

"जाऊ दे. आत काय आहे ते बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला काय सांगू?"

तीस वर्षं किल्ल्या घासलेल्या माणसाला किल्लीच नसलेल्या कुलपाचा खरं तर राग यायला हवा. याला मात्र ते कधी एकदा उघडतोय असं झालं होतं. कंपनीचा माणूस रडकुंडीला आला होता. बंगल्यांमध्ये हातोहात खपलेलं कुलूप या गल्लीत कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

तेवढ्यात काठी टेकत शिवणकामाच्या मावशी आल्या. एकट्या राहायच्या. गेल्या महिन्यात न्हाणीत पडल्या आणि दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता. शेवटी कुलूपवाल्यानेच दार फोडलं होतं.

"यात अंगठे किती मावतात?" त्यांनी विचारलं.

"शंभर! पण तुमचा एकटीचा पुरे, मावशी. दुसरं कुणीही आत येऊ शकणार नाही."

"मग नको."

कंपनीचा माणूस बघतच राहिला. कुलूपवाल्याने मात्र भराभर स्क्रू पिळायला घेतले. "शंभर म्हणालात ना? चला, मावशी."

दुपारी कुलूप मावशींच्या दाराला बसलं आणि जिन्यात रांग लागली. दूधवाली, वरचे मास्तर, समोरचं नवं जोडपं, मास्तरांशी अबोला धरलेली त्यांची वहिनीसुद्धा. एकेक अंगठा टेकत होता, हिरवा दिवा लागत होता.

"याला कुलूप कशाला म्हणायचं?" कंपनीच्या माणसाने कपाळाला हात लावला. पण रांगेतल्या दोघांनी "आमच्या बाबांच्या दाराला बसेल का?" असं विचारल्यावर त्याने गुपचूप वही काढली.

शेवटी मावशींनी अंगठा टेकला. लाल दिवा. पुसून टेकला. लालच. एकेक करून दहाही बोटं झाली. कुलूपवाल्याने त्यांचा हात उजेडात धरला. चाळीस वर्षं सुई आणि कापड हाताळून बोटं गुळगुळीत झाली होती, एक रेघ शिल्लक नव्हती. त्याला फार वाईट वाटलं.

"आता हो?" कंपनीचा माणूस हळूच म्हणाला. "सगळ्यांना उघडेल, तुम्हालाच नाही."

मावशींनी हात सोडवून घेतला.

"राहू दे रे. मी आतच असते."